काळा पडदा, पांढरी अक्षरं

विमला पोतनीस बाळाचार्य कट्टी वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागली, तेव्हा तिचे वडील नुकतेच गेले होते आणि धाकटा भाऊ दत्तात्रय अजून कॉलेजात होता. ऑफिस धारवाडच्या कोर्टाजवळ, माळमड्डीतल्या तिच्या घरापासून चालत जाण्यासारखं. बाळाचार्य येरझारा घालत मजकूर सांगायचे. बोलता बोलता एकदम थांबायचे, उपरण्याने चष्मा पुसायचे, आणि वाक्य जिथं सोडलं तिथूनच उचलायचे. तेवढा वेळ विमलाची बोटंही टाइपरायटरवर थांबलेली असायची. "तू ऐकतेस बरं," असं ते कधीतरी म्हणायचे. त्यापुढे त्यांचं कौतुक कधी गेलं नाही.

तिचं लग्न झालं नाही. बेळगावचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. बघण्याचा कार्यक्रम आटोपल्यावर मुलाकडची मंडळी म्हणाली, सोमेश्वराला जाऊन येऊ. परतताना दिवेलागण झाली होती. देवळाच्या पायऱ्या उतरताना विमलाचं पाऊल चुकलं आणि ती खालच्या पायरीवर जाऊन आदळली. मुलाच्या आईने तिला उठवलं आणि विचारलं, "दिसत नाही का गं तुला?"

"दिसतं की. साडी अडकली," विमला म्हणाली.

बेळगावहून पुढे काही निरोप आला नाही.

अंधारात आपल्याला इतरांपेक्षा कमी दिसतं हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिच्या आईलाही माहीत होतं, कारण आईच्या भावाचं, श्रीकांतमामाचं, असंच सुरू झालं होतं. मामा तिशीतच पूर्ण आंधळा झाला. घरातलं कोणी त्याच्याशी वाईट वागलं नाही. त्याला वेळेवर जेवायला मिळायचं, धुतलेलं धोतर मिळायचं. फक्त त्याच्याशी कोणी बोलत नसे, त्याच्याबद्दल बोलत. "ह्याला आत बसवा." "ह्याचं जेवण झालं का?" पाहुणे आले की त्याला हाताला धरून मागच्या खोलीत नेत, आणि पाहुणे गेल्यावर परत आणायचं एखादे वेळी राहून जाई. विमला शाळकरी होती. मागच्या खोलीत जाऊन ती मामाच्या शेजारी बसायची. मामा म्हणायचा, "गेले काय गं सगळे?"

चाळिशी गाठताना तिला दिवसाही अडचण यायला लागली. रस्त्यात बाजूने आलेली सायकल अंगावर आल्यावरच दिसायची. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. एके दिवशी रजा काढून ती एकटीच हुबळीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी तपासून शांतपणे सांगितलं, की डोळ्याच्या आतला पडदा कडेकडेने सुकत चालला आहे, नजर नळीतून बघितल्यासारखी होत जाईल, आणि यावर औषध नाही.

"शेवटी काय राहील?" तिने विचारलं.

"काहींचं मधलं थोडं शिल्लक राहतं. काहींचं नाही राहत."

ती बसने परत आली. रायापूर मागे पडलं, धारवाडचा चढ लागला, तोवर तिचं ठरलं होतं. कोणाला सांगायचं नाही. दत्तात्रयालाही नाही.

बाळाचार्यांनी कॉम्प्युटर आणला तो याच सुमाराला. कोर्टाच्या आवारातले वकील हसले. उतारवयात आचार्यांना हे काय सुचलं, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. विमला मात्र घाबरली. टाइपरायटरवर तिला काही बघावं लागत नव्हतं, पण या नव्या यंत्राला तर तोंडासारखी काच होती, आणि तिच्याकडे बघितल्याशिवाय कसं चालणार? शिकवायला आलेल्या माणसाने बटण दाबलं. आत काहीतरी टकटकलं, एक बारीक पिपाणी वाजल्यासारखा आवाज झाला, आणि काळ्या काचेवर डावीकडे वर पांढरी अक्षरं उमटली. त्यांच्यापुढे एक छोटी रेघ लुकलुकत राहिली.

विमलाला ती अक्षरं लख्ख दिसली. पांढऱ्या कागदाचा हल्ली तिच्या डोळ्यांवर मारा व्हायचा, उन्हात चालल्यावर होतो तसा. इथं मागे सगळं काळं. आणि त्या लुकलुकत्या रेघेचा तिला फार आधार वाटला. रेघ जिथं असेल तिथंच पुढचं अक्षर उमटणार, दुसरीकडे कुठं बघायचं कामच नाही. जे काही करून घ्यायचं ते शब्द टाइप करून सांगायचं, नाहीतर दोन बटणं एकदम दाबायची. मसुदा उघडायला हे, जपून ठेवायला ते, छापायला आणखी तिसरं. महिनाभरात सगळे हुकूम तिला पाढ्यांसारखे पाठ झाले. पुढची पाचेक वर्षं तिच्या आयुष्यातली बहुतेक सगळ्यांत निवांत वर्षं होती. आपली नजर आक्रसत चालली आहे हे कामापुरतं तरी ती विसरून जायची.

मग बाळाचार्य एका सकाळी आंघोळीला गेले आणि तिथंच कोसळले. ऑफिस मुलाकडे, श्रीनिधीकडे आलं. श्रीनिधी बंगळूरला शिकून आलेला, हुशार, मृदू बोलणारा. त्याने रंग लावून घेतला, नव्या खुर्च्या आणल्या आणि नवे कॉम्प्युटर आणले. त्यांच्यावर विंडोज होतं. सुरू करताच ढगांचं चित्र, मग निळं-हिरवं आकाश, त्यात विखुरलेली छोटी छोटी चित्रं, आणि टेबलावर एक माऊस, जो हलवला की काचेवर एक बाण हलायचा.

विमलाला तो बाण सापडत नसे. तिच्या नजरेच्या नळीत काचेचा तळहाताएवढा तुकडा यायचा. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून तुकड्या-तुकड्याने शोधत जावं, तर तोवर माऊस हातून हलायचा आणि बाण भलतीकडे. मग तिने युक्ती काढली. माऊस वर-डावीकडे ढकलत न्यायचा, बाण कोपऱ्यात अडकतो, तिथून हळूहळू खाली आणायचा. पण मध्येच एखादी चौकट कुठंतरी उघडायची, तीत काहीतरी प्रश्न असायचा, आणि यंत्र उत्तराची वाट बघत थांबायचं. प्रश्न विचारला गेलाय हेच विमलाला कळत नसे. शेजारी वेदश्री नावाची नवी मुलगी बसायची. ती म्हणायची, "अक्का, बघा की, ते विचारतंय काहीतरी."

"हो गं, बघतेय," विमला म्हणायची, आणि अंदाजाने बटण दाबायची.

कलघटगीकडच्या एका जमिनीचं अपील होतं. दाखल करायचा शेवटचा दिवस. विमलाने दुपारपर्यंत मसुदा पूर्ण केला. बंद करताना चौकट उघडली, तिने नेहमीसारखा अंदाज केला, आणि सकाळपासूनचं सगळं काम पुसलं गेलं. श्रीनिधीने वेदश्रीला बसवलं, स्वतः उभ्या उभ्या मजकूर सांगितला, आणि कोर्ट बंद व्हायच्या आत अपील कसंबसं आत गेलं. विमला तोवर पाण्याच्या माठाजवळ उभी होती. तिला कोणी काही बोललं नाही.

आठवड्याने श्रीनिधीने तिला केबिनमध्ये बोलावलं. "विमलाक्का, अप्पांच्या वेळेपासून तुम्ही इथं राबलात. हे नवं सगळं तुम्हाला त्रासाचं होतंय, मी बघतोय. आता आराम करा की."

तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिला मामाची मागची खोली आठवली आणि ती गप्प बसली. हिला शिकता येत नाही असं लोकांना वाटलं तर वाटू दे, हिला दिसत नाही असं कळायला नको.

"अडगळीत तो जुना कॉम्प्युटर पडलाय," ती म्हणाली. "तो मी नेला तर चालेल?"

श्रीनिधीला आश्चर्य वाटलं. "न्या की. कोण वापरणार तो."

अशी शाल, नारळ आणि तो जुना कॉम्प्युटर, प्रिंटरसकट, घेऊन विमला रिक्षाने घरी आली.

घरात ती एकटीच. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, दत्तात्रय रेल्वेत लागून हुबळीला स्थायिक झाला होता. तो दर रविवारी फोन करायचा, वर्षातून दोनदा येऊन जायचा. शेजारच्या हिराबाई बाजाराला जाताना विचारायच्या, "काही आणायचं का?" आणि विमला म्हणायची, "कशाला, मी जातेच आहे." विद्यापीठातली काही पोरं प्रबंध टाइप करून घ्यायला यायची, तेवढी माणसांची ये-जा. पोरांना वाटायचं, बाई जुन्या वळणाची आहे, काळ्या पडद्याला चिकटून बसली आहे. वाटू दे.

पुढच्या एका पावसाळ्यात वीज कडाडली, दिवे गेले-आले, आणि कॉम्प्युटर मुका झाला. दत्तात्रयाने हुबळीहून ओळखीचा माणूस पाठवला. महेश त्याचं नाव. अळणावरकडच्या खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरातला. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर एका गल्लीत दुरुस्तीचं दुकान चालवायचा. वयाने तिशी ओलांडलेला, अंगाने रुंद, बोलायला मोकळा. त्याने डबा उघडून बघितला आणि मान हलवली. "आतलं सगळं जळालंय, अक्का. बदलूनच आणतो."

चार-पाच दिवसांनी तो डबा घेऊन परत आला. जोडाजोड केली, बटण दाबलं आणि खुर्ची मागे सरकवून उभा राहिला. "बसा आता. तुमचं टायपिंगचं जुनं वर्डस्टार पण घातलंय आत. पण त्याची गरज नाही, विंडोज घातलंय. एकदम नवीन मशीन झालं बघा."

विमला बसली. काळी काच क्षणभर दिसली, मग ढग आले, मग ते निळं-हिरवं आकाश.

"हे बंद करता येईल का?" तिने विचारलं.

"काय बंद?"

"हे चित्र. हे सगळं. सुरू केल्यावर आधी जसं नुसती अक्षरं यायची, तसं."

महेश हसला. "आता कोण वापरतं ते, अक्का? सगळी शिकलीत. माझ्याकडे एक रिटायर झालेले मास्तर येत होते, त्यांनाही असंच भ्या होतं. पत्त्यांचा खेळ लावून दिला, आठ दिवसांत माऊस हातात बसला." आणि त्याने तो खेळ उघडूनही दिला. "हं, हे पान उचला आणि त्या राजावर ठेवा."

विमलाने माऊस धरला. वर-डावीकडे ढकलला, हळूहळू खाली आणला. बाण निसटला. तिने पुन्हा ढकलला.

"तिथंच आहे की, अक्का, समोर."

ती शोधत राहिली. पंख्याचा आवाज येत होता. महेशने तिच्या हातावरून माऊस हलवून बाण पानावर आणून ठेवला. "हां, आता दाबा." तिने दाबलं तोवर तो पुन्हा हलला होता.

"अक्का, बघायचं नीट. घाई नाही."

विमलाने माऊसवरून हात काढून मांडीवर ठेवला.

"समोर आहे तेवढंच मला दिसतं, महेश," ती म्हणाली. "आजूबाजूचं काही दिसत नाही. डोळे जात चाललेत माझे."

हे वाक्य ती आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलली होती, आणि तेही ज्याला फारशी ओळखत नव्हती अशा माणसापुढे. आपला आवाज इतका साधा कसा निघाला याचंच तिला नवल वाटलं.

महेशने स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसला. "आता मी दिसतोय तुम्हाला?"

"चेहरा दिसतो. हात कुठं आहेत ते दिसत नाही."

त्याने हात वर केला. "आता?"

"आता दिसला."

"अण्णांना माहीत आहे?"

"दत्तूला माहीत नाही. कोणालाच नाही. आणि तू सांगायचं नाहीस."

"नाही सांगत," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "मला वाटलं तुम्हाला भ्या वाटतंय मशीनचं. चुकलं माझं."

तो यंत्राकडे वळला. आधी त्याने ते बंद करून पुन्हा सुरू केलं आणि सुरू होतानाच वरच्या ओळीतलं एक बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पर्याय आले, त्यातला एक नुसत्या अक्षरांचा. पण त्याला ते पसंत पडलं नाही. "हे दर वेळी नेमक्या क्षणाला दाबायला लागतं. हुकलं की ढग. कायमचंच करू." मग तो काय करतोय ते सांगत सांगत करत गेला, जसं एखादा गवंडी भिंत बांधताना बोलतो. विंडोजची एक फाइल लपवून ठेवलेली असते. ती आधी दिसती करायची, तिचं कुलूप काढायचं. आत एक ओळ असते, चित्रांचा पडदा आणायचा की नाही हे सांगणारी. तिथं एक लिहिलेला असतो, त्याचा शून्य करायचा. आणखी एक ओळ घालून ढगांचीही सुट्टी केली. मग फाइल जशी होती तशी पुन्हा लपवली.

"एवढंच?" विमला म्हणाली.

"एवढंच. एकाचा शून्य." त्याने यंत्र बंद केलं. "आता तुम्ही चालू करा."

तिने बटण चाचपून दाबलं. आत टकटक झाली, पिपाणी वाजली. काच काळी होती ती काळीच राहिली. डावीकडे पांढरी अक्षरं आली आणि त्यांच्यापुढे रेघ लुकलुकायला लागली. दोघंही बघत राहिले. आता काही उघडेल, आता काही उघडेल म्हणून विमला श्वास धरून बसली होती. काही उघडलं नाही.

"चहा घेतोस ना रे?" तिने विचारलं, आणि उठून स्वयंपाकघरात गेली. तिथं तिला जरा वेळ लागला.

महेशने शब्द पाळला. पण दिवाळीला विमला हुबळीला भावाकडे गेली आणि दारातल्या रांगोळीत सरळ पाय देऊन आत शिरली. फराळाच्या वेळी वहिनी, हेमावती, तिच्यापुढे पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती आणि विमला दुसऱ्याच बाजूला हात पुढे करत होती. दत्तात्रयाने ते बघितलं. जेवणं झाल्यावर तो तिच्याजवळ येऊन बसला.

"कधीपासून?"

"बरीच वर्षं."

"आणि मला सांगितलं नाहीस." तो म्हणाला. "मामाचंच ना हे?"

"मामाचंच."

दोघांनी तिला परत जाऊ दिलं नाही. हेमावतीने तिच्यासाठी खोली रिकामी केली, पलंग भिंतीला लावला, वाटेतल्या खुर्च्या हलवल्या. पोळी कर म्हणून कोणी तिला म्हणेना, भाजी चिर म्हणेना. "तुम्ही बसा की हो, वन्सं." शेजारी आले की हेमावती हळू आवाजात सांगायची, ह्यांना दिसत नाही फार. एका दुपारी जेवताना हेमावतीने प्रेमाने विमलाचा उजवा हात धरला आणि ताटात ठेवून दाखवला, ही भाजी, ही कोशिंबीर, हा भात.

विमला जेवली. सगळं ताट संपवलं. मग दत्तात्रयाला म्हणाली, "मला उद्याच्या बसमध्ये बसवून दे."

"अगं, पण काय कमी पडलं तुला इथं?"

"काही कमी पडलं नाही, दत्तू."

तो चिडला. आपलं कोणी ऐकत नाही, आपण परके झालो, असं बरंच काही बोलला. तिने त्याला समजावायचा प्रयत्न केला, पण ताटात ठेवलेल्या हाताची गोष्ट भावाला सांगता येईना. ती सांगितली तर हेमावतीचा दोष काढल्यासारखं झालं असतं, आणि हेमावतीचा काही दोष नव्हता. ती माळमड्डीला परत आली. रविवारचे फोन चालू राहिले, पण आता ते लवकर संपायचे. "बरी आहेस ना?" "बरी आहे." "जप."

त्यानंतर नजर झपाट्याने उतरली. पडद्यावर आधी एक ओळ दिसायची, मग एक शब्द, मग एकेक अक्षर. एका उन्हाळ्यात विमलाच्या लक्षात आलं, की गेले काही दिवस आपण करड्या धुक्याकडे तोंड करून टाइप करतोय आणि तरी काम होतंय. यंत्र सुरू करायचं, पिपाणी वाजू द्यायची, आतली टकटक थांबली की दोन अक्षरं टाइप करून वर्डस्टार उघडायचं. पुढे मसुद्याचं नाव, मग मजकूर. शेवटी दोन बटणं दाबून जपायचं, छापायचं. कुठंच बघावं लागत नव्हतं, फक्त क्रम लक्षात ठेवायचा. तिने हे कोणाला सांगितलं नाही, आणि सांगण्यासारखं जवळ कोणी नव्हतंही. प्रबंधवाल्या पोरांनी आता स्वतःच कॉम्प्युटर घेतले होते.

वेदश्री एकदा लग्नाची पत्रिका द्यायला आली आणि विमलाने तिला आवाजावरून ओळखलं. ते वेदश्रीच्या लक्षात आलं, आणि दुसऱ्याच दिवशी श्रीनिधी दारात.

"सांगितलं असतं तर, अक्का," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

श्रीनिधी वकील होता, त्याला उत्तर देणं अवघड नव्हतं. पण त्याने सोयीचं उत्तर दिलं नाही. "माहीत नाही," तो म्हणाला. "बहुतेक तेव्हा केलं तसंच काहीतरी."

विमलाला ते आवडलं. बाळाचार्यांनी हेच उत्तर दिलं असतं.

"टाइप करता अजून?" त्याने विचारलं, आणि तिने यंत्र सुरू करून दाखवलं. तो उठून तिच्या मागे उभा राहिला. तो बोलला तेवढं तिने टाइप केलं, छापलं, कागद त्याच्या हातात दिला. त्याने वाचला. एक चूक होती, तीही त्याच्याच बोलण्यातली.

असं ते काम सुरू झालं. श्रीनिधी मसुदे कॅसेटवर बोलून ठेवायचा, ऑफिसचा शिपाई कॅसेट आणून द्यायचा, विमला टेपरेकॉर्डर लावून टाइप करायची. ऑफिसात कोणीतरी वाचून चुका कळवायचं. पहिल्याच महिन्यात एकदा तिने अख्खी कैफियत टाइप करून पाठवली आणि शिपाई कोरे कागद घेऊन परत आला. त्या दिवशी वर्डस्टार उघडलंच नव्हतं, प्रिंटरमधून कागद नुसतेच सरकले होते. अख्खी दुपार ती रिकाम्या पडद्याला मजकूर सांगत बसली होती. त्या संध्याकाळी ती फार खचली. कोरे कागद हातात धरून बसली आणि त्यांच्यावर काही उमटलंय का ते बोटांनी बघत राहिली.

तिने महेशला फोन केला. तो येऊन म्हणाला, "सोपं आहे की. सुरू झालं की वर्डस्टार आपोआप उघडायला सांगतो. आणि उघडायच्या आधी दोनदा पीप वाजवायला सांगतो. दोनदा वाजलं नाही तर टाइप करायचं नाही, मला फोन करायचा." त्याने ते करून दिलं. ते दोन आवाज ऐकताना विमलाला दर सकाळी बरं वाटायचं. घरात दुसरं कोणी काही म्हणत नव्हतंच.

काही वर्षं अशी गेली. मग धारवाडला हायकोर्टाचं खंडपीठ आलं, श्रीनिधीचा व्याप वाढला, माणसं वाढली, कागदपत्रं ईमेलने फिरायला लागली. कॅसेट आठवड्याला एक झाली, मग महिन्याला एक, आणि मग शिपाई यायचा थांबला. श्रीनिधीने येऊन तसं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण त्याला बहुधा ते जमलं नसावं. विमलाने वाट बघितली. मग वाट बघणं सोडलं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात घरात काहीतरी करपल्याचा वास आला. विमलाने महेशला फोन केला. तो आता सुटलेला, केस विरळ झालेला, दुकानात मोबाइलही विकणारा. त्याने वास घेतला आणि निदान केलं.

"मॉनिटर गेला, अक्का. डबा ठीक आहे. दुकानात एक पडलाय, आणून लावतो."

"नको," विमला म्हणाली. "हाच फक्त घेऊन जा."

"अहो, पण..." महेश बोलता बोलता थांबला. "चालेल की खरं. त्याच्यावाचून काही अडत नाही."

त्याने वायरी सोडवल्या आणि तो जड मॉनिटर उचलून दाराजवळ ठेवला. विमलाने डब्याचं बटण दाबलं. टकटक, पिपाणी, आणि जरा वेळाने दोन पीप. ती खुर्चीत बसली आणि टाइप करायला लागली. समोर नुसती भिंत होती. महेश ऐकत उभा राहिला. तिची बोटं मध्येच थांबायची, आणि मग पुन्हा सुरू व्हायची.

"काम येतं अजून?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग काय लिहिता?"

"काही नाही रे. दिवसभरात जे बोलायचं असतं ते."

"छापून ठेवता?"

"नाही. जपत पण नाही. बंद करते." मग तिला वाटलं, ऐकणाऱ्याला हे फार वाईट वाटेल. म्हणून ती म्हणाली, "सवय आहे बोटांना. चहा टाकते, बस."

"आज नको, अक्का. दुकान उघडं टाकून आलोय." पण तो लगेच निघाला नाही. आत जाऊन त्याने स्वतःच चहा केला, दोन कप आणले, आणि तिचा कप तिच्या हाताशी, पण टेबलावर, ठेवला. दोघांनी चहा घेतला. लॅमिंग्टन रोडवर आता गाडी लावायला जागा मिळत नाही, असं काहीबाही तो सांगत राहिला.

मग मॉनिटर छातीशी धरून तो पायऱ्या उतरला. फाटकाशी हिराबाई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "विकला होय कॉम्प्युटर?"

"इल्लरी, विकला नाही," महेश म्हणाला. "चालू आहे."

हिराबाईंनी त्याच्या हातातल्या ओझ्याकडे बघितलं, मग घराच्या उघड्या खिडकीकडे. आतून टाइप केल्याचा आवाज येत होता.